साडेतीन ते चार

घड्याळकाकांसाठी साखळी प्रार्थनेचा तक्ता चर्चच्या नोटीसबोर्डावर लागला, तेव्हा पेन सगळ्यांच्या आधी मी उचललं. अठ्ठेचाळीस चौकटी, एकेक अर्ध्या तासाची. आपली वेळ संपली की पुढच्याला फोन करायचा. काकांसाठी कोणी ना कोणी सतत देवासमोर बसलेलं असावं, ही त्यामागची कल्पना. मी दुपारी साडेतीन ते चार ही चौकट घेतली. तेव्हा गिऱ्हाईक नसतं, सासूबाई झोपलेल्या असतात, मुलगी शाळेतून यायची असते. निदान नाव लिहिताना मला तसं वाटलं.

घड्याळकाका म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे, माझ्या बाबांचे मित्र. बाबा गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि घरात एक बंद पडलेलं शिलाई मशीन होतं. भंगारात द्या, असं मेकॅनिक सांगून गेला होता. काकांनी मात्र आठवडाभर रोज संध्याकाळी येऊन, डोळ्याला भिंग लावून, त्याच्या पोटात डोकं खुपसलं आणि ते चालू करून दिलं. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं जे दुकान आहे ते त्या मशीनवर उभं राहिलं. मोबदला म्हणून काकांनी एकच गोष्ट मागितली, आणि ती ते दर रविवारी न चुकता वसूल करायला यायचे.

“पोरी, प्रार्थनेला शांत वेळ काढतेस ना रोज?”

“काढते, काका.”

साफ खोटं. सकाळी डबे, सासूबाईंच्या गोळ्या, नवऱ्याचे न सापडणारे मोजे, आणि नऊ वाजता पहिली बाई ब्लाउज घेऊन दारात. माझं बायबल कापडाच्या गठ्ठ्याखाली असतं हे मला माहीत आहे, पण कुठल्या गठ्ठ्याखाली ते विचारू नका.

खोटं बोलणं आमच्या धंद्यात मुरलेलं आहे. कापड अजून कापलेलंही नसतं आणि आम्ही सांगतो, “झालंच आहे ताई, फक्त हुक लावायचेत.” गिऱ्हाइकालाही ते कळतं. ते उद्या येतं, आपण रात्रीत शिवून ठेवतो, कोणाचं काही बिघडत नाही. मी इतकी वर्षं हेच बोलत आल्यामुळे ‘झालं’ हा शब्द माझ्या तोंडून आपोआप निघतो, शिंकेसारखा.

तो बुधवार होता. डॉक्टरांनी हात टेकून काकांना घरी पाठवल्याला पाच दिवस झाले होते. पहिले चार दिवस मी माझी चौकट नीट पाळली होती. म्हणजे बसले होते. त्यातली दहाएक मिनिटं तरी प्रार्थना झाली असेल, बाकी वेळ कुठल्या बाईची बाही कुठे ठेवली ते आठवण्यात गेला. पण बसले होते.

बुधवारी बरोबर साडेतीनला माझ्या आधीच्या चौकटीतल्या शिपाईमामांचा फोन आला. “साखळी तुझ्याकडे आली गं, बाई.” मी मशीन थांबवलं, दाराला कडी घातली, खुर्ची भिंतीकडे वळवली, डोळे मिटले आणि म्हटलं, “प्रभू.”

दार वाजलं.

मी उघडलं नाही. मग दार असं वाजायला लागलं की सासूबाई आतून ओरडल्या, “अगं, कोण मेलंय का बघ तरी!” त्या तशाच बोलतात. उघडलं तर समोर बँकेतल्या बाई, हातात सकाळी नेलेला ड्रेस. त्यात चेन मी उलटी बसवली होती. ओढायची पट्टी आत, पाठीकडे. पाच वाजता त्यांचा निरोपसमारंभ होता, तीस वर्षांच्या नोकरीनंतरचा, आणि त्या रडायच्या बेतात होत्या.

“अर्धा तास थांबता का?” मी विचारलं.

“अहो, अर्ध्या तासात मला घरून निघायचंय!”

चूक माझी होती. दहा मिनिटांत चेन बदलू आणि उरलेल्या वीस मिनिटांत बसू, असा मी हिशेब केला. चेन उसवताना अस्तर फाटलं. अस्तर जोडेपर्यंत सासूबाईंना चहा हवा झाला. नवी चेन बसवते तर बॉबिनमधला दोरा संपला. मध्ये एकदा मान वर केली, तेव्हा पावणेचार झाले होते. आत्ता होईल, आत्ता होईल, असं मी घड्याळाला सांगत होते, जसं मी सगळ्यांनाच सांगते.

बाई ड्रेस घेऊन पळाल्या तोवर मुलगी शाळेतून येऊन दप्तर फेकून मोकळी झाली होती. फोन वाजला. आमच्या चर्चच्या पाळकबाई होत्या, माझ्या पुढची चौकट त्यांची.

“चार वाजून सात मिनिटं झाली, तुमचा फोन नाही आला. झाली ना तुमची वेळ?”

“झाली, झाली,” मी म्हटलं.

“प्रार्थनेत भान राहिलं नसेल. होतं तसं,” त्या मायेने म्हणाल्या.

सव्वाचारला त्यांचाच परत फोन आला. काका पावणेचारच्या सुमारास गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आल्या. एकट्याच आल्या, हातात काकांचा काळा कोट. आजारपणात तो मी दोनदा आत घेतला होता. दर वेळी काका आरशासमोर उभे राहून म्हणायचे, “बघ, तुझ्या धंद्याला मीच हातभार लावतोय.”

“अजून आत घ्यावा लागेल गं,” काकू म्हणाल्या. “दुपारी दोनला अंत्यविधी आहे, तेव्हा घालायचाय त्यांना.”

“काकू, पाठीमागून नुसता टाचून दिला तरी चालेल. दिसणार नाही.”

“त्यांना नसतं चाललं. नीट शिव.”

मी पाठीची शिवण उसवायला घेतली. आत माझ्याच आधीच्या दोन शिवणींच्या खुणा होत्या, एकापेक्षा एक आत. काकू गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर बसल्या. डोळे कोरडे होते. काल रात्री लोकांच्या गर्दीत सगळं रडून संपलं असावं.

“तुला एक सांगायचं होतं म्हणून मुद्दाम मी आले,” त्या म्हणाल्या. “नाहीतर कोट कुणाच्याही हाती पाठवला असता. ते गेले तेव्हा मी खोलीत नव्हते.”

माझा हात थांबला.

“दोन दिवस त्यांच्या उशापासून हलले नव्हते. आंघोळ नाही की काही नाही. सारखं वाटायचं, मी उठले आणि नेमकं त्याच वेळी झालं तर? काल साडेतीनला घरी भिंतीवर लावलेली तक्त्याची नक्कल बघितली. तुझं नाव होतं. म्हटलं, आता ही बसली असेल त्यांच्यासाठी. लेकच की त्यांची. अर्धा तास मी उठले तरी ते एकटे नाहीत. दुसऱ्या कुणाची वेळ असती ना, तर उठले नसते. बादली भरून आंघोळ केली, केस विंचरले. परत आले तर...”

मला वाटलं, आता सांगून टाकावं. सांगायलाच हवं.

“काकू,” मी म्हटलं, “मी काल...” आणि पुढे रडूच फुटलं.

त्या उठून माझ्याजवळ आल्या. माझं डोकं त्यांनी आपल्या पोटाशी धरलं. मी त्यांचं सांत्वन करायचं, तर त्याच माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. लाजेने मी अर्धी झाले.

“कळतं गं मला,” त्या म्हणाल्या. “तू डोळे मिटून बसलीस आणि तिकडे हे झालं, ते तुझ्याही जिवाला लागलंय. पण माझं ऐक, तुझ्यामुळेच रात्री मला जरा झोप लागली. फक्त एकदा तुझ्या तोंडून ऐकायचंय. एकटे नव्हते ना गं ते?”

त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरून वर केला होता. मी खरं सांगितलं असतं तर त्या आयुष्यभर त्या बादलीभर पाण्याला शिव्या देत बसल्या असत्या. नाही सांगितलं तर... नाही सांगितलं तर काय, ते मला तेव्हा कळत नव्हतं.

“नव्हते, काकू,” मी म्हटलं.

देवाच्या कृपेने ते खरंही असेल. मरणाऱ्या माणसाजवळ तो असतो, असं मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि मानतेही. पण काकू मला देवाबद्दल विचारत नव्हत्या, माझ्याबद्दल विचारत होत्या. आणि पावणेचारला माझ्या डोक्यात काका नव्हते, देव नव्हता. फाटलेलं अस्तर होतं.

मी कोट पूर्ण केला. इतकी सरळ शिवण मी आयुष्यात घातली नसेल. इस्त्री करून, घडी घालून काकूंच्या हातात दिला. दारातून त्या मागे वळल्या.

“तो अर्धा तास आता माझ्यासाठी ठेवशील? दुपारी घर खायला उठेल. चार वाजता मीच तुला फोन करत जाईन, तेवढाच आधार.”

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

याला आता सात महिने झाले. साडेतीनला मी दुकान बंद करते, आणि कोणीही आलं तरी उघडत नाही. तीन गिऱ्हाइकं तुटली. घरातलेही आता त्या वेळी आवाज करत नाहीत, सासूबाईसुद्धा. काकांना हवी होती तशी शांत वेळ, पूर्ण अर्धा तास. बायबलही सापडलं, ते समोर असतं. मी डोळे मिटते आणि “प्रभू” म्हणते. पुढे शब्द येत नाही. आधी खरं सांग, मग बाकीचं माग, असं आतून कोणीतरी म्हणतं. ते मी देवाला सांगून बघितलं, हजारदा. पण सांगायचंय ते काकूंना, त्याला नव्हे. मग मी नुसती बसून राहते, भिंतीकडे तोंड करून, चार वाजेपर्यंत.

चारला फोन वाजतो.

“झाली का गं प्रार्थना?”

“झाली, काकू.”