दत्तक पुत्राचा धडा

आखातातल्या गाला नावाच्या भागातल्या गॅरेजात आठवडाभर गाड्यांखाली पडून एकनाथ साळव्यांचं अंग पार आंबून गेलं होतं. त्यात या शुक्रवारची भक्ती, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, त्यांच्याच घरी, अल अमेरात या उपनगरात. आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा नियमच तसा: ज्याच्या घरी भक्ती, त्याच्या मुलाने चर्चच्या इतिहासाचा धडा वाचायचा. बारा वर्षांच्या आकांक्षाला देवनागरी धड वाचता येईना, म्हणून आदल्या संध्याकाळी एकनाथनी पाळकांच्या वहीतला धडा इंग्रजी अक्षरांत उतरवून दिला. डोळे मिटत होते, हात चालत होता. काय लिहितोय याची शुद्ध कुणाला!

पंधरा माणसं जमली. आकांक्षा अडखळत वाचू लागली. आठव्या शतकात स्पेनमधले एक बिशप म्हणाले, ख्रिस्त देव म्हणून खरा पुत्र, पण माणूस म्हणून देवाचा दत्तक पुत्र. झालं, केवढं रान उठलं! सभांवर सभा भरल्या.

"सभेने ठरवलं," ती वाचत होती, "ख्रिस्त खरा पुत्र आहे, दत्तक नव्हे. त्याला दत्तक म्हणणं हा त्याचा अपमान."

आणि ती थांबली.

आठ महिन्यांची असताना नगरच्या अनाथाश्रमातून आणलेली पोर ती. तिला ठाऊक, खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक. तिची आई, शीला, हातातला चहाचा ट्रे खाली ठेवू लागली.

"पुढे वाच, बेटा," शेजारचे प्रशांतकाका म्हणाले. शहाणेच की नाही!

"पप्पा, अपमान का?"

एकनाथना उठवेना, तरी ते उठले. "सभेतल्या त्या बिशपांना पोरंबाळं नव्हती गं. त्यांना काय कळणार?"

कुणी हसलं नाही.

"पण लिहून तर तुम्हीच दिलं ना?" आकांक्षाचे डोळे भरले. "लिहिताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

आता काय सांगावं? थकलो होतो म्हणावं? पण ते पुरतं खरं नव्हतं.

"नाही वाटलं," एकनाथ म्हणाले. "खरं सांगतो. तू दत्तक आहेस, हे माझ्या ध्यानातच राहत नाही, बाळा. आता तू वाचलंस तेव्हा आठवलं, आणि काळजात चर्र झालं."

मग तिने कागदाची घडी करून त्यांच्या खिशात घातली.

"बसा, पप्पा," ती म्हणाली. "पाय लटपटतायत तुमचे."