आत्याची मांडी

बाळ आत्याच्याच मांडीवर ओकतं, हे घरात एकदा ठरलं ते ठरलंच. आत्या बस डेपोत दुपारपाळीला वेळापत्रक सांभाळायची. सोमवारी आणि गुरुवारी वहिनी कामावर जाई. त्या दिवशी बाबा सात महिन्यांच्या नातवाला नऊ वाजता ओट्सची पेज भरवत आणि दहाला त्याला आत्याच्या हवाली करून ऐटीत फिरायला निघत. अकराच्या सुमारास बाळ भडाभडा ओके. तीनदा झालं. ना ताप, ना अंगावर पुरळ.

"तू त्याला फार हलवतेस. आणखी एकदा ओकला, तर उचलायचं नाही," बाबांनी निकाल दिला. निवृत्त हेडमास्तर ते, त्यांच्यापुढे कुणाची टाप!

आत्याचा त्या पोरावर भारी जीव. पण ती कसली गप्प बसतेय! गुरुवारी पेज भरवून झाल्यावर तिने मनगटाला फडकं गुंडाळलं आणि तोंड वाकडं केलं. "बाबा, हात मुरगळलाय. आज तुम्हीच घ्या." इस्त्रीचा सदरा घालून बाबा अडकले. आत्या पेपर उघडून समोरच बसली, एक डोळा घड्याळाकडे.

अकराला पाच कमी असताना सदऱ्याचं कल्याण झालं. आत्या हसणार, तोच बाळ पांढरंफटक पडलं आणि त्याने मान टाकली. फडकं भिरकावून तिने त्याला उचललं आणि दोघं दवाखान्यात धावले.

सलाइन लागलं, बाळाच्या गालांवर रंग आला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ओकण्याआधी काय दिलं होतं?"

"काहीच नाही," बाबा म्हणाले.

"थांबा." शेवटच्या थांब्यावर बस उशिरा पोचली, तर आत्या तिथल्या माणसाला कधी दोषी धरत नसे, आधी कुठे अडकली ते बघे. "चारही वेळा नऊला ओट्स, अकराला उलटी. एरवी ओट्स नाहीत, उलटीही नाही."

"ही अ‍ॅलर्जी उशिराच उठते," बाई म्हणाल्या. "नेहमीच्या तपासणीत बहुधा सापडतही नाही. ओट्स बंद. पुन्हा द्यायचे ते मी सांगेन तेव्हा, माझ्यासमोर. चुकून पोटात गेले, तर तडक इथे आणा."

आत्याने टोमणे घासूनपुसून तयार ठेवले होते. ती वळली, तर बाबा डागाळलेल्या सदऱ्यात मान खाली घालून बसलेले.

"मी वाटी पुसून पुसून भरवत होतो गं," ते बाहीने डोळे पुसत म्हणाले.

आत्याने टोमणे तसेच गिळले. संध्याकाळी घरी निघताना तिने बाळ त्यांच्यापुढे धरलं.

"नको, माझ्याकडे नको," बाबा मागे सरले.

तिने ऐकलं नाही, सरळ त्यांच्या हातात दिलं. बाबा रडत राहिले आणि बाळ त्यांचं नाक ओढून खदाखदा हसत सुटलं. मेलं अगदी आत्यावर गेलं होतं.