मायाप्पाचा घसा

मायाप्पा लेकीच्या दारात आला तोच वाकडं तोंड करून.

"रोगानं आणलं हितं. न्हायतर तुझ्या उंबऱ्यावर थुकलोबी नसतो," तो बसक्या आवाजात म्हणाला आणि आत जाऊन भिंतीला टेकला.

दिपालीनं पिशवी उचलून कोपऱ्यात ठेवली. तिनं सोलापुरातल्या तेलुगू विणकराच्या मुलाशी, प्रभुशी लग्न केलं, तेव्हापासून माळशिरसकडच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या या बापानं तिचं नाव टाकलं होतं. आता त्याच्या स्वरयंत्रावर कॅन्सरची गाठ निघाली होती. आठवड्यामागून आठवडे रोज दवाखान्यात जाऊन किरणांचा शेक घ्यायचा होता. थोरला मुलगा जोतिराम म्हणाला, "माझ्यामागं मेंढरं हायती." त्यामुळं भवानी पेठेतल्या या दोन खोल्यांशिवाय म्हाताऱ्याला ठिकाण उरलं नव्हतं.

दिपाली घरी टॉवेलच्या कडा शिवायची. सकाळी मशीन बंद करून बापाला रिक्षानं न्यायची, आणायची, पातळ पेज करून द्यायची. तो वाटी सरकवून म्हणायचा, "तेलग्याच्या घरचं अन्न. घशाखाली उतरंल कसं?" प्रभु ऐकून कारखान्यावर निघून जायचा. दिपाली पेज परत गरम करायची आणि बापासमोर आदळायची.

"खा. मराया आला न्हाईस हितं."

शेक निम्मे झाले आणि डॉक्टर चेतना यांनी दुर्बिणीतून घसा पाहिला. त्यांचा चेहरा उतरला. गाठ हवी तशी विरघळत नव्हती. त्यांनी मायाप्पाची बोटं हातात धरली, पिवळी पडलेली पेरं पाहिली आणि थेट विचारलं, "बिडी चालू आहे ना?"

"न्हाय."

"आबा, अंगाला वास येतोय."

मायाप्पानं बोटं सोडवून घेतली. मग चेतना दिपालीकडं वळल्या. "नीट ऐका. गाठ भराभर वाढते, पण तिच्या आतपर्यंत रक्त पोचत नाही. तिथल्या पेशींना प्राणवायू कमी पडतो. तुमच्या-माझ्या साध्या पेशी अशानं मरतील. या मरत नाहीत. उपाशी राहून जगायला शिकतात, आणि शिकल्या की जास्त दांडग्या होतात, दुसरीकडं पसरायला बघतात. वर आमच्या किरणांना काम करायला प्राणवायूच लागतो. तो नसला की मार अर्धवट बसतो. बिडीच्या धुरानं रक्तातला प्राणवायू आणखी कमी होतो. म्हणजे हे इथं शेक घेतात आणि घरी जाऊन गाठीला वाचवतात."

"आजवर वढली, तवा काय झालं न्हाय," मायाप्पा गुरगुरला.

"तेव्हाच झालंय हे," चेतना म्हणाल्या.

घरी येताच दिपालीनं त्याचं अंथरूण, पिशवी, घोंगडं, सगळं उलटंपालटं केलं. घोंगड्याच्या घडीत बिडीची बंडलं सापडली. एवढी बंडलं याला कुणी दिली, हे विचारायची गरज नव्हती. दर आठवड्याला बापाला भेटायला एकच माणूस यायचा.

पुढच्या खेपेला जोतिराम आला तेव्हा तिनं त्याला बाहेर ओट्यावरच अडवलं. बंडलं त्याच्या छातीवर फेकली.

"लाज वाटत न्हाय? त्याचा शेक वाया चाललाय ह्यापायी!"

"वरडू नगं. मागतोय तर दिल्या. जाणाऱ्या माणसाला बिडीबी नगं म्हणू का? दोन-चार महिन्याचा सोबती हाय तो. सुखानं जाऊ दे की."

"तू पुरून मोकळा झालास व्हय त्याला?"

"तूच वाचवून दाखव मग, लई शाणी हाईस तर."

दार उघडंच होतं. मायाप्पा आत चौकटीला धरून उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. जोतिराम दचकला, "आबा, तसं न्हवं..." म्हणत पुढं झाला. म्हाताऱ्यानं ओट्यावरची बंडलं उचलली आणि त्याच्याच अंगावर भिरकावली. मग आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडला.

त्या दिवसानंतर त्यानं बिडी ओढली नाही. पण आधीचे शेक वाया गेले ते गेलेच. शेवटच्या तपासणीत गाठ शिल्लक निघाली. चेतना म्हणाल्या, स्वरयंत्र काढावं लागेल, गळ्याला श्वासासाठी भोक राहील, पहिल्यासारखा आवाज परत येणार नाही.

"काढलं न्हाय तर?" दिपालीनं विचारलं.

"श्वास कोंडून जातील ते."

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी जोतिरामचा फोन आला. मायाप्पानं तो घेतला नाही. दिपाली दवाखान्यातल्या खाटेजवळ उशीची खोळ बदलत होती.

"बोलून घे कुणाशी बोलायचंय तर," ती म्हणाली. "उद्यापासनं शिव्या द्यायचीबी सोय न्हाय."

त्यानं कूस वळवून तिच्याकडं तोंड केलं. मग फाटक्या आवाजात म्हणाला, "लगीन केलंस ते मला आजबी पटल्यालं न्हाय. मरस्तवर पटणार न्हाय."

"नगं पटू दे. मी इचारलं न्हाय."

"पेज खारट करतीस तू."

"अजून खारट करीन."

दुसऱ्या दिवशी त्याला ऑपरेशनसाठी आत नेलं. दुपारनंतर चेतनांनी बाहेर येऊन सांगितलं की गाठ पूर्ण निघाली, कडेला रोग राहिलेला दिसत नाही, पण पुढं सतत तपासत राहावं लागेल.

जखम भरल्यावर मायाप्पा माळावर परतला नाही. भवानी पेठेतल्या त्याच खोलीत, मशीनच्या खडखडाटात तो बसून असतो. दिपाली रोज त्याच्या गळ्याचं भोक साफ करते. दुखलं की तो तिचा हात झटकतो, डोळे वटारतो, ओठांनी बिनआवाजाच्या शिव्या देतो. तिला त्या सगळ्या कळतात. ती मोठ्यानं उत्तर देते, आणि शेजारणींना वाटतं, ही बाई एकटीच भांडतीय.