इस्त्रीने न गेलेला वास

लॉन्ड्रीवाल्याने सिगारेट सोडली ती नातीसाठी. लेकीचं बाळ दिवस भरायच्या आधीच जन्मलेलं, छातीने नाजूक. लेकीने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "बाबा, तुम्ही ओढत असाल तर मी हिला घेऊन येणार नाही." मग बायकोने वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडून जे झालं नव्हतं, ते गड्याने करून दाखवलं. लवंगा चघळून जीभ सोलवटली, दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसला, पण सिगारेटला शिवला नाही.

आणि लेक यायची होती नेमक्या त्याच दिवशी त्याने माती खाल्ली.

सकाळी एका गिऱ्हाइकाच्या कोटाची कॉलर करपली. त्या माणसाने भर दुकानात त्याची बिनपाण्याने हजामत केली. तो गेला आणि हा तडक कोपऱ्यावर. एकच ओढायची म्हणून पेटवली. मग आता मोडलंच आहे तर, म्हणून दुसरीही. ती संपते न संपते तोच दुकानासमोर गाडी थांबली. लेक ठरल्यापेक्षा लवकर आली होती.

हा मागच्या दाराने आत घुसला. अंगातला शर्ट काढून टेबलावर पसरला आणि त्यावर वाफेची इस्त्री फिरवली. न धुतलेल्या कपड्याला इस्त्री लावली की वास उलट वर येतो, हे आयुष्यभर लोकांना हाच सांगत आला होता. स्वतःवर वेळ आली तेव्हा अक्कल गहाण पडली. गरम शर्ट चढवला आणि धुराचा भपकारा थेट त्याच्याच नाकात गेला. दुकान कपड्यांनी भरलेलं, पण सगळे लोकांचे.

"हे बघ कोण! आजोबा!" लेक दारातून म्हणाली. "बाबा, घ्या ना हिला."

दुपट्यातून इवलीशी मूठ बाहेर आली होती. त्याचे हात आपोआप पुढे झाले, आणि त्याने ते मागे घेतले. जीव तुटत होता नुसता.

"पाठ भरलीये गं," तो टेबलामागूनच म्हणाला. "हातातून निसटली-बिसटली तर?"

"मग बसून घ्या."

"उद्या घेतो. आज राहू दे."

लेक क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग बाळाला खांद्याशी धरून ती घरी आईकडे गेली.

संध्याकाळी घरी आल्या आल्या तो बाथरूममध्ये शिरला. अंग खसाखसा घासलं, धुतलेले कपडे घातले आणि हात पुसतच बाहेर आला. बायको एकटीच बसली होती.

"बाळ झोपलं का?"

"गेल्या त्या परत."

"परत? का?"

"अहो, तिला दुकानातच वास आला होता. म्हणाली, बाबा नुसतं 'चुकलो' म्हणाले असते तरी मी राहिले असते. इतक्या दिवसांत एखाद्या वेळी घसरणारच माणूस. पण लपवायला लागले, तर उद्या मी भरवसा कशाचा धरू?"

तो तिच्यासमोर येऊन बसला.

"चुकलो," तो म्हणाला.

"मला काय सांगताय?" बायको म्हणाली.