उसनं विरजण

मी विरजण बोलतोय. दह्याच्या भांड्यात चमचाभर मागे ठेवतात ना, तोच मी. थोरलीच्या घरी मी तिच्या सासूबाईंच्या हातून आलो. रोज मला खाऊन संपवतात, रोज कोमट दुधात मी पुन्हा होतो.

थोरलीच्या नवऱ्याला, निवृत्त मास्तरांना, कोडी घालायची खोड. एकदा म्हणाले, "हे आईच्याच वेळचं दही, की रोज नवं? तेच असेल, तर हे अमर म्हणायचं का?" थोरलीने वाढता वाढता सांगितलं, अमर असो नसो, आंबायच्या आत संपवा.

गल्लीत थोरलीला सगळे देवमाणूस म्हणत. आजाऱ्याला डबा, शेजारणीला विरजण. तिच्या दारातून कुणी रिकाम्या हाताने गेलं नाही. अपवाद धाकट्या जावेचा. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात धाकटी फिरकलीच नव्हती. पुढे ती एकदा वाटी घेऊन आली, तर थोरलीने विरजण संपल्याचं सांगितलं. मी मागे ओट्यावरच होतो. त्या दिवशी थोरलीला जेवण गेलं नाही.

मग थोरलीचा पाय मोडला. नवराबायको लेकीकडे राहून परतली, तोवर भांड्यात बुरशी. तिथला मी मेलो. "आईंचं एवढंच उरलं होतं," म्हणत थोरली रडली. शेजारीण चाचरत म्हणाली, "माझ्याकडचंही संपलं. पण मी तुमच्या धाकटीला दिलं होतं. ती अजून लावते."

थोरली दोन दिवस घुटमळली. तिसऱ्या दिवशी काठी टेकत निघाली.

धाकटीने काही न विचारता वाटीत मला घातलं. थोरली उंबऱ्यावरच उभी राहिली.

"त्या दिवशी माझ्याकडे विरजण होतं."

"दिसलं होतं मला," धाकटी म्हणाली. "आईंच्या वेळी मी का आले नाही, हे तरी मी कुठे सांगितलं? मरण बघायची भीती वाटायची, जाऊबाई. आत या, पाय दुखेल."

दोघी बसल्या. बराच वेळ सासूबाईंबद्दलच बोलत होत्या.

धाकटीच्या घरी राहून मी जरा गोडसर झालोय. तोच मी की दुसरा, ते मास्तरांना विचारा. आज थोरलीची लेक मला डबीत घालून तिच्या गावी नेतेय. झाकण लागायच्या आत एवढंच सांगतो: आधी मनाने पुरते चांगले होऊ, मग देऊ, असं म्हणत बसू नका, तेवढ्यात मी नासेन. मन साफ नसलं तरी चमचाभर द्या. बाकीचं रातोरात लागतं.

बरं, येतो.