वहीबानं दिलेला शब्द

ऊसतोडीचा तिसरा दिवस. नाईलवरचं धुकं अजून फडावरून हटलं नव्हतं. आम्ही गडी कोयते चालवीत होतो आणि बाया मागं बसून पाचट सोलीत होत्या. वहीबा सोलता सोलता गुणगुणत होती. एवढ्यात तिचा पोरगा रिफाई बांधावरून उतरला. घोट्याच्या वर आखूड झगा, काळी दाढी, चेहरा ताठ.

"आये, बास कर ते."

"काय बास करू?"

"ते रडगानं. मेलेल्यांच्या नावानं गळा काढनं पाप हाय. किती येळा सांगू?"

"आरं, मी मुकादमाच्या नावानं गात हुते. त्यो मेला कुठं अजून?"

बाया खिदळल्या. रिफाई हसला नाही. आईसमोर उकिडवा बसला आणि हळू बोलला, "तू माझी थट्टा कर, पर अल्लाची करू नगं. त्यानं दिलं, त्यानं नेलं. त्यावर तक्रार करनारं आपन कोन? शब्द दे मला, आये. पुन्ना गानार न्हाई म्हन."

 वहीबा हातातलं पाचट खाली टाकून म्हणाली, "बरं बाबा. न्हाई गानार."

माझा कोयता हातातच राहिला. कारण आमच्या कोम सिद्रा गावात मयताला वहीबा नाही असं कधी झालंच नव्हतं. गडी मयत घेऊन पुढं जायचे आणि मागं बायांच्या मधोमध ही बसायची. ज्याचं त्याचं नाव, शेत, सवयी गुंफून गायची. माझी बायको बाळंतपणात गेली तेव्हा गायलेली ओळ अजून माझ्या छातीत आहे:

उभं पीक माझं कुनी कापलं गं अवकाळी,
भट्टीत भाकर तशीच, रांधनारी गेली सकाळी.

ते ऐकलं तेव्हा कुठं मला रडू फुटलं. नाहीतर मी दगडासारखा बसलो होतो.

रिफाई काही जन्माचा असा नव्हता. पीर-बाबाच्या जत्रेत काठी फिरवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. शेतकी शाळेत पहिला आला. सरकारनं सांगितलं, नोकरीचं पत्र घरी येईल. पोरगं सहा वर्षं पोस्टमनची वाट बघत बसलं. पोस्टमन पेन्शनीत गेला, पत्र आलं नाही. वशिला लावावा तर आडातच नाही, तिथं पोहऱ्यात कुठून येणार? लग्न ठरेना. चहाच्या टपरीवर बसावं, तर पोरं म्हणायची, "या सायेब, उसाला खत किती घालू?"

अशातच एका उन्हाळ्यात, भर दुपारी, त्याच्या बापाला, दखीलला, विंचू चावला. आमच्याकडचा पिवळा विंचू म्हणजे मरणाचा भाऊ. दखीलच्या तोंडाला फेस आला. सरकारी दवाखान्याला कुलूप. डॉक्टर मंगळवारी येणार, अन् किल्ली घेऊन शिपाई भाचीच्या लग्नाला गेलेला. गाढवगाडीत घातला आणि निघालो. मी गाडी हाकत होतो, रिफाई शेजारी, वहीबा नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

कालव्याच्या पुलावर पोलिसांची चौकी. अंमलदारानं रिफाईला खाली उतरवलं.

"ओळखपत्र?"

"घाईत घरी राह्यलं, सायेब. बाप मराय लागलाय."

"सगळ्यांचेच बाप मरतात," असं म्हणून त्यानं आईदेखत त्याच्या थोबाडीत मारली. एक नाही, दोन. मग भिंतीकडं तोंड करून उभा केला. मी हात जोडले, वहीबानं पदर पसरला. अर्धा तास असाच गेला.

तेवढ्यात मागून एक पांढरी मोटार आली. तालुक्याच्या नव्या मशिदीतली माणसं. त्यांनी अंमलदाराशी काय बोलणं केलं कोण जाणे, दखीलला मोटारीत घातलं. मशिदीच्या तळघरात त्यांचा दवाखाना होता, तिथं विंचवाच्या विषावरची लस होती. दखील वाचला. तीन दिवस आम्हाला जेवण त्यांनीच दिलं. कागद कुणी मागितला नाही. फक्त एकानं रिफाईच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "भाऊ, नमाज पढतोस का?"

सहा वर्षांत त्याला भाऊ म्हणणारा तो पहिला माणूस.

त्यांनी त्याला औषधांच्या दुकानावर बसवलं. वर्षात लोक शेख रिफाई म्हणायला लागले. टपरीवरची पोरं उठून उभी राहायची. खरं सांगतो, मलाही बरं वाटायचं. पुढं त्यानं पीर-बाबाच्या कबरीवरची हिरवी निशाणं उतरवली, तेव्हा मी तोंड उघडलं.

"आरं, तुझं नाव पीराच्या नावावरनं ठेवलंय!"

"पीरानं माझ्या बापाला लस दिली का, काका?"



तर असा वहीबानं शब्द दिला. त्यानंतर तीन वर्षं गावातली मयतं मुकी उठली. बाया वहीबाकडं बघायच्या, ती जमिनीकडं बघायची.

मग दूर कुठंतरी सडकेवर एक अंमलदार गोळी लागून मेला आणि आमच्या भागात धरपकड सुटली. दाढी दिसेल तो उचल. रिफाईला दुकानातून नेलं. त्यानं काय केलं होतं, काही केलं होतं का, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. दखील कचेऱ्यांचे उंबरे झिजवून झिजवून त्याच हिवाळ्यात गेला.

चौदा महिन्यांनी भर उन्हात पोलिसांचा ट्रक गावात आला. फळीवर रिफाई होता, ताडपत्रीत बांधलेला.

"काळीज बंद पडलं," साहेब म्हणाला. "चार माणसं लागा, पुरून टाका. गर्दी नको, आवाज नको."

ताडपत्री थोडी सरकली होती. त्याची बोटं मी बघितली. नखं नव्हती.

मशिदीतला त्याचा एक सोबती कसाबसा आला होता. तोही वहीबाजवळ जाऊन हळूच म्हणाला, "माय, धीर धर. आवाज काढू नगंस. त्याला आवडायचं न्हाई."

पण बाया आल्या. साहेबाची पर्वा न करता काळे पदर घेऊन साऱ्या गल्लीत बसल्या. ज्यांच्या ज्यांच्या माणसांना वहीबानं गाऊन वाटेला लावलं होतं, त्या सगळ्या. माझी म्हातारी बहीण तिचे खांदे हलवून म्हणाली, "वहीबा, आता तरी तोंड उघड! छाती फुटंल बाई तुजी!"

वहीबाचे ओठ हलले. साहेबही तिच्याकडं बघत होता. पण तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, मग काढून एवढंच बोलली, "त्याला शब्द दिलाय, बाई. जित्तेपनी कुनी त्याला दिल्याला शब्द पाळला न्हाई. म्या तरी कसा मोडू?"

आम्ही चौघांनी त्याला उचलला. मागं नुसत्या पावलांचा आवाज.

पुढच्या शुक्रवारी माझा धाकटा, हुमाम, कोऱ्या पांढऱ्या कापडाचा तुकडा घेऊन, रिफाईसारखा आखूड झगा शिवायला शिंप्याकडं अन् तिथून तालुक्याच्या मशिदीत निघाला. हिशेबनिशीचा दाखला घेऊन चार वर्षं घरी बसलेलं पोर. दाढीचे खुंट उगवले होते. त्याच्याबरोबर गावातली आणखी सहा.

मी दारात आडवा झालो. "जाऊ नगंस, ल्येका. रिफाईचं काय झालं बघितलंस न्हवं?"

"बघितलं, म्हनूनच चाललोय."

"आरं, माझ्या गळ्याची आन हाय तुला."

तो थांबला. उर्मट नाही हो माझं पोर. खाली बघून, अगदी अदबीनं म्हणाला, "न्हाई जात, बा. मग कुटं जाऊ, तेवडं सांगा."

उसाच्या फडात मजुरी होती ती संपलेली. टपरी होती. पुलावर चौकी होती. मी सगळीकडं मन फिरवलं. 

मग मीच दारातून बाजूला झालो.