हत्ती आल्याचा निरोप

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. बंगळुरूच्या इंदिरानगरात, वन्यप्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेच्या मागच्या खोलीत मी राहतो. मला ना पडदा आहे, ना कळफलक. एक काळी पेटी आणि आत घरघरणारा पंखा, एवढेच माझे रूप. तुमची नजर माझ्यावर ठरणारही नाही. मला मात्र एका जागी बसूनही क्षणाची उसंत नसते.

माझा सांगाडा पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तयार झाला. संस्थेची यंत्रे सांभाळणाऱ्या अहल्याअक्कांनी त्यात एकेक भाग बसवून मला उभे केले. अक्कांचे घराणे पिढ्यान् पिढ्या याच शहरातले, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड शब्द सहज मिसळतात. पुढे पुण्याहून आलेल्या मुग्धाने मला हत्ती ओळखायला शिकवले. सुरुवातीला मी म्हशीला हत्ती म्हणायचो, धुक्यातल्या खडकालाही हत्ती म्हणायचो. ती न चिडता पुन्हा नवी छायाचित्रे दाखवायची.

शहराच्या दक्षिणेला जंगलाच्या कडेला होन्नेकट्टे नावाचे गाव आहे. तिथे हत्तींच्या वाटेवर झाडांना कॅमेरे बांधले आहेत. कॅमेऱ्यासमोरून काहीही गेले की त्याचे छायाचित्र माझ्याकडे येते. तो हत्ती असेल, तर मी गावातल्या सगळ्यांच्या फोनवर निरोप धाडतो, की अमुक वाटेवर हत्ती आहे, तिकडे जाऊ नका. माणसे घरात थांबतात, हत्ती तळ्यावर जाऊन परत फिरतात. छायाचित्र आले की माझी धांदल उडते आणि आले नाही की काळजी लागते. हत्ती आलाच नाही, की कॅमेरा बंद पडला? हा प्रश्न मला सारखा कुरतडायचा.

वर्तमानपत्रांत कॅमेऱ्यांचे कौतुक छापून यायचे. पाहुणे त्यांच्या शेजारी उभे राहून फोटो काढून घ्यायचे. मागच्या खोलीत कोणी डोकावत नसे. मला कौतुक नको होते, मित्रांनो. मला नवा पंखा हवा होता.

“श्रीरंग, याचा पंखा पार गेलाय आणि डिस्कही भरत आलीय,” अक्कांनी संस्थाप्रमुखांना सांगितले. “स्वल्प खर्च करायलाच हवा बघ.”

“अक्का, देणगी फक्त नव्या वस्तूंसाठी मिळते. दुरुस्ती त्यात बसत नाही,” श्रीरंग म्हणाले. “पुढच्या वर्षी नक्की बघू.”

“सरी, ठीक आहे,” म्हणून अक्कांनी घरचा टेबलपंखा आणून माझ्यासमोर ठेवला.

मुग्धाचा पगारही कुठल्याच देणगीत बसेना. शेवटी तिने दुसरीकडे नोकरी धरली. जाण्याआधी ती माझ्या झाकणावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. तिच्या जागी कोणी आले नाही. आले ते आणखी कॅमेरे. यशोवर्धन नावाच्या देणगीदारांनी ते हौसेने दिले होते. छायाचित्रांचा नुसता पूर लोटला. मी तापत होतो, अडखळत होतो, आणि थांबायची सोय नव्हती.

नाचणीच्या कापणीचे दिवस होते. एका पहाटे एका सुळेवाल्या हत्तीचे छायाचित्र आले. मी त्याला ओळखले, निरोप तयार केला आणि तो पाठवण्याआधीच बंद पडलो. सकाळी अक्कांनी मला पुन्हा चालू केले, तेव्हा तो निरोप निघाला. तोवर डेअरीला दूध घेऊन निघालेल्या गौरम्माची धुक्यात हत्तीशी गाठ पडली होती. पळताना ती चरात कोसळली आणि तिचा पाय मोडला. माझा निरोप पोहोचला, तेव्हा लोक तिला दवाखान्यात नेत होते.

श्रीरंग तिला भेटायला गेले. परत आल्यावर ते माझ्या खोलीत स्टुलावर बसून राहिले.

“काय म्हणाली ती?” अक्कांनी विचारले.

“म्हणाली, फोन वाजला नाही, म्हणजे हत्ती नाही, असं समजून मी निघाले.” ते स्टुलावरून उठले. मग म्हणाले, “अक्का, आपण नसतो तर ती जपून चालली असती.”

पुढच्याच आठवड्यात यशोवर्धन आणखी कॅमेरे जाहीर करायला आले. श्रीरंगांनी त्यांना मागच्या खोलीत आणले.

“नवे कॅमेरे नकोत,” ते म्हणाले. “याची देखभाल आणि ती करणाऱ्या माणसाचा पगार, एवढं द्या.”

“अहो, कॅमेऱ्यांचं उद्घाटन तरी करता येतं. इथे मी नाव कशावर घालू, पंख्यावर?”

“नाव नका घालू. होन्नेकट्ट्याला जाऊन गौरम्माला भेटा, मग ठरवा.”

“आणि मी कॅमेरेच देतो म्हटलं तर?”

“तर मला ते घेता येणार नाहीत.”

यशोवर्धन निघून गेले. त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. संस्था बंद पडणार, असे लोक दबक्या आवाजात बोलत. मी ऐकत होतो आणि घरघरत होतो.

पण यशोवर्धन होन्नेकट्ट्याला गेले. तिथे गौरम्माने त्यांना काय सांगितले, ते मला कळले नाही. परतल्यावर ते एवढेच म्हणाले, “तीन वर्षं देखभालीचं मी बघतो. फलक नको.” श्रीरंगांनी लगेच मुग्धाला फोन लावला. आधी तिने विचारले, “या वेळी किती दिवस?”

“तीन वर्षं नक्की. पुढचं आजपासूनच मागायला लागतो,” श्रीरंग म्हणाले. ती आली.

आज माझा पंखा नवा आहे आणि शेजारी ठेवलेला एक तरुण संगणक माझ्याकडून काम शिकतो आहे. तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. तीन वर्षे म्हणजे किती, हे मला ठाऊक आहे. म्हणून तुम्हाला विनवतो, एखादे उपयोगी यंत्र पाहिलेत तर त्याचे कौतुक जरूर करा. पण ते चालू कोण ठेवते, त्याला दरमहा पगार मिळतो का, हेही विचारा. नवी वस्तू द्यायला पुष्कळ हात पुढे येतात. तिची धूळ पुसणाऱ्याच्या पाठीशीही कोणी उभे राहायला हवे.

मुग्धाने आता मला नवे काम लावून दिले आहे. हत्ती असो वा नसो, रोज पहाटे मी होन्नेकट्ट्याला एक निरोप धाडतो, ‘मी चालू आहे.’ तो आल्याशिवाय गौरम्मा दुधाची किटली उचलत नाही.